उड्डाणाआधीची परीक्षा सर्वांना खुली हवी

१५ नोव्हेंबर २००७ रोजी तामिळनाडूतल्या महेंद्रगिरी येथे भारतीय बनावटीचा क्रायोजेनिक टप्पा सलग ७२० सेकंद जळला. उड्डाणात त्याच्याकडून जेवढा वेळ कामाची अपेक्षा होती तेवढा वेळ तो जमिनीवर चालून दाखवत होता. त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी, १५ एप्रिल २०१० रोजी, त्याच रचनेचा टप्पा घेऊन जीएसएलव्ही-डी३ श्रीहरिकोट्याहून उडाले. खालचे दोन टप्पे नीट चालले, क्रायोजेनिक इंजिन पेटलेही, आणि २.२ सेकंदांपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे चालले. मग जोर वाढेना, कारण इंजिनाला द्रव हायड्रोजन पुरवणारा छोटा पूरक टर्बोपंप मिनिटाला ३४,८०० फेऱ्यांचा वेग गाठून अचानक मंदावला आणि थांबला. जीसॅट-४ हा उपग्रह यानासह बंगालच्या उपसागरात गेला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक तंत्रज्ञान देण्याचे नाकारल्यापासून ज्यासाठी आपले अभियंते झटत होते, ते पहिले स्वदेशी क्रायोजेनिक उड्डाण असे संपले. पंपाच्या सीलपाशी फिरता भाग अडकला असावा किंवा टर्बाइनचे आवरण फुटले असावे, असे दोन संभव चौकशी समितीने नोंदवले. याचे खापर एकट्या अवकाशातल्या निर्वातावर फोडता येत नाही. पण जमिनीवर ७२० सेकंद चाललेल्या रचनेचे यंत्र आकाशात काही क्षणांत बंद पडते, तेव्हा जमिनीवरच्या परीक्षेचा आकाशाशी किती संबंध होता, हा प्रश्न विचारावाच लागतो.

तो संबंध का सुटतो हे समजायला थोडे विज्ञान लागते. वरच्या टप्प्याच्या इंजिनाचे नॉझल मुद्दाम खूप रुंद केलेले असते. बाहेर हवेचा दाब नसल्यामुळे वायूला भरपूर पसरू दिले तर तो अधिक वेगाने बाहेर पडतो आणि त्याच इंधनात जास्त काम होते. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटमधल्या सीई-२० इंजिनात वायू नॉझलच्या तोंडाशी पोहोचतो तेव्हा त्याचा दाब जेमतेम ५० मिलिबार उरतो, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब हजार मिलिबारहून जास्त असतो. हे इंजिन उघड्यावर पेटवले तर वीसपट दाबाची हवा नॉझलमध्ये आत घुसू पाहते, वायूचा प्रवाह भिंतीपासून सुटतो, सुटण्याची जागा सतत हलत राहते, आणि नॉझलला असे हादरे व असमान उष्णता बसते की ते फाटू शकते. इंजिन पेटण्याची गोष्ट तर याहून नाजूक. निर्वातात सोडलेला द्रव क्षणात उकळतो, आणि उकळताना स्वतःचीच उष्णता गमावून गारठतो. उणे १८३ अंशांना उकळणारा द्रव ऑक्सिजन पुरेशा निर्वातात गोठूही शकतो. ज्वलनकक्षात हवाच नसते, त्यामुळे ठिणगी पडताना आत कोणता वायू, किती प्रमाणात आणि किती दाबाने आहे यावर सगळे ठरते. व्हॉल्व्ह काही मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा उघडला तर ज्योत लागत नाही, किंवा जास्तीचे साचलेले मिश्रण एकदम पेटून घाव घालते. एकदा विझवलेले इंजिन तासाभराने पुन्हा पेटवायचे असेल तर टाकीतला दाब, पंपाचे तापमान, नळ्यांत उरलेला वायू हे सारे पहिल्या वेळेपेक्षा वेगळे असते. ही गणिते कागदावर मांडता येतात, पण त्यांच्या उत्तरावर शंभर कोटींचा उपग्रह ठेवण्याआधी ती एकदा खऱ्या निर्वातात पडताळून घेणे एवढाच शहाणपणाचा मार्ग आहे.

इस्रोने तो धरला. महेंद्रगिरीला अतिउंचीची परिस्थिती निर्माण करणारे चाचणी केंद्र उभे राहिले. इंजिन एका बंद कक्षात बसवायचे, कक्षातली हवा काढून घ्यायची आणि मग ते पेटवायचे, असे त्याचे काम. ऐकायला सोपे वाटते, पण सीई-२० सारखे इंजिन दर सेकंदाला चाळीस किलोहून जास्त तप्त वायू त्या कक्षात ओतत असते. कोणताही साधा पंप एवढा वायू उपसू शकत नाही. म्हणून इंजिनाचाच झोत एका लांब डिफ्यूझरमधून वेगाने बाहेर नेतात आणि पुढे इजेक्टरच्या जोरदार झोतांनी उरलेला वायू खेचून घेतात. डी३ च्या अपयशानंतर क्रायोजेनिक इंजिनाचे प्रज्वलन या कक्षातल्या निर्वातात तपासले गेले, पंपाच्या रचनेत बदल झाले, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ ने जीसॅट-१४ कक्षेत सोडला. चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ यांना नेणाऱ्या यानातले सीई-२० याच कक्षात तावूनसुलाखून निघाले. गगनयानासाठी त्या इंजिनाला मानवी उड्डाणाची पात्रता हवी होती, तेव्हा चार इंजिने ३९ वेळा पेटवून एकूण ८,८१० सेकंद चालवली गेली, निकष होता ६,३५० सेकंदांचा, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये या मालिकेचा शेवट झाला तो निर्वातातल्या सातव्या प्रज्वलन चाचणीने. आपल्या वृत्तपत्रांत उड्डाणाचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि ३९ वेळा पेटलेल्या इंजिनाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते, हे मला खटकते. तीन अंतराळवीरांचा जीव या चार ओळींवर टांगलेला असेल.

एवढे असूनही अलीकडची अपयशे पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते. १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ१० चा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. इंजिन निर्दोष होते. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह गळत होता, त्याचे मऊ सील दुखावले होते, आणि टाकीत इंजिन सुरू होण्याइतका दाबच उरला नव्हता. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरून झालेले शंभरावे उड्डाण यशस्वी ठरले, पण त्याने नेलेल्या एनव्हीएस-०२ उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर देणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत आणि उपग्रह ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात ज्वलनकक्षाचा दाब पडला. १२ जानेवारी २०२६ रोजी पीएसएलव्ही-सी६२ मध्येही घोटाळा तिसऱ्या टप्प्यातच झाला. पहिला प्रसंग अतिशीत द्रव इंधनाचा, दुसरा उपग्रहाच्या छोट्या इंजिनाचा, शेवटचे दोन घन इंधनाचे. यांचे कारण एक मानणे चुकीचे होईल. पण चारही वेळा घात झाला तो वातावरण मागे पडल्यावर, आणि पहिल्या दोन वेळा तरी मुख्य इंजिनाचा दोष नव्हता: टाकी, सील, झडपा आणि त्यांना जोडणारी व्यवस्था कमी पडली. इंजिनाची परीक्षा आपण निर्वातात घेतो. त्याच्याभोवतीचा अख्खा टप्पा, टाक्या भरून, अवकाशातल्या थंडीत आणि निर्वातात ताटकळत ठेवून मग पेटवण्याची परीक्षा आपल्या पद्धतीत ठरलेली, नित्याची पायरी झालेली नाही.

अशी परीक्षा कशी असते याचा नमुना अमेरिकेत साठीच्या दशकाअखेर उभा राहिला. ओहायोतल्या सँडस्कीजवळ नासाच्या प्लम ब्रूक केंद्रात बी-२ नावाचा कक्ष आहे. केंद्राला आता नील आर्मस्ट्राँग यांचे नाव आहे. साडेअकरा मीटर व्यासाच्या आणि जवळजवळ एकोणीस मीटर उंचीच्या त्या कक्षात रॉकेटचा संपूर्ण वरचा टप्पा उभा करतात. भिंती द्रव नायट्रोजनने गारठवतात, सूर्याच्या बाजूची उष्णता दिव्यांनी देतात, यान अशा अवस्थेत बराच काळ ठेवतात आणि मग इंजिन पेटवतात. सेंटॉर टप्पा येथे तपासला गेला आणि १९९८ मध्ये डेल्टा-३ चा वरचा टप्पाही. येथे एक कबूल करायला हवे: मे १९९९ मध्ये डेल्टा-३ च्या दुसऱ्या उड्डाणात त्याच प्रकारच्या टप्प्याचे इंजिन फाटले, कारण त्या विशिष्ट इंजिनाच्या ज्वलनकक्षाच्या जोडकामात खोट होती. रचनेची परीक्षा आणि प्रत्येक नगाची परीक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीत पास झालेला दुसरीत सुटत नाही. शिवाय जमिनीवरचा कोणताही कक्ष वजनरहित अवस्था देऊ शकत नाही. टाकीत तरंगणारे इंधन अवकाशातच पाहावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीएमएस-०३ उपग्रह सोडल्यावर इस्रोने क्रायोजेनिक टप्प्याचा ज्वलनकक्ष कक्षेतच पुन्हा पेटवून पाहिला, तो याच गरजेपोटी. हे मान्य करूनही शिल्लक राहणारी यादी मोठी आहे: गळणारी सील, चिकटणाऱ्या झडपा, थंडीत आकसणारे जोड, वेळेआधी घसरणारा दाब. या सगळ्यांना जमिनीवर पकडता येते.

माझे म्हणणे असे की हे पुढचे केंद्र, पूर्ण टप्प्याची निर्वातात परीक्षा घेणारे, सार्वजनिक पैशाने उभारावे आणि ते इस्रोची खासगी कार्यशाळा न राहता देशाची सामाईक सुविधा व्हावे. २०२० मध्ये खासगी उद्योगांसाठी अवकाश क्षेत्र खुले झाले, इन-स्पेस ही संस्था आली, एप्रिल २०२३ मध्ये अवकाश धोरण जाहीर झाले. हैदराबादची स्कायरूट, चेन्नईची अग्निकुल अशा कंपन्या रॉकेट बनवू लागल्या. यांच्यापैकी स्कायरूटने विक्रम-१ च्या तिसऱ्या टप्प्याची मोटर, कलाम-१००, मे २०२२ मध्ये १०८ सेकंद चालवली ती आपल्या नागपुरात, स्फोटके बनवणाऱ्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात. अवकाशात, निर्वातात जळण्यासाठी बनवलेली ती मोटर. एका तरुण कंपनीने आणि एका विदर्भातल्या उद्योगाने मिळून केलेले हे काम कौतुकाचेच आहे. पण निर्वाताचा कक्ष आणि त्याचे इजेक्टर उभारण्याची ऐपत अशा कंपन्यांत नसते, आणि प्रत्येकीने आपापला उभारावा अशी अपेक्षा करणे म्हणजे प्रत्येक ट्रकवाल्याने स्वतःचा महामार्ग बांधावा असे म्हणण्यासारखे आहे.

सामाईक परीक्षा-सुविधा चालते कशी, याचे उत्तर इंदूरकरांना दूर शोधायला नको. इंदूरजवळ पिथमपूर येथे नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीची अंडाकार वेगवान धावपट्टी आहे. २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचे उद्घाटन केले. ती केंद्र सरकारने बांधली, आणि एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या वाहन कंपन्या पैसे भरून आपली वाहने तेथे दौडवतात. कोणाची माहिती कोणाला मिळत नाही, तरी धावपट्टी सर्वांची राहते. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. इंदूरच्या सुखनिवास या होळकरी वाड्याभोवती १९८४ मध्ये पायाभरणी झालेले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र अणुऊर्जा विभागाचे, म्हणजे संवेदनशील खात्याचे. तरी तेथील इंडस-२ हे १७२.५ मीटर परिघाचे, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे सिंक्रोट्रॉन देशभरातल्या विद्यापीठांना खुले आहे. संशोधक प्रस्ताव पाठवतो, तज्ज्ञ तो तपासतात, योग्य वाटला तर प्रकाशशलाकेवर वेळ मिळतो. कोणा लहान गावच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी आपला नमुना घेऊन इंदूरला येते आणि जागतिक दर्जाच्या यंत्रावर काम करून जाते. त्या वर्तुळातले निर्वात वायुमंडलाच्या हजार अब्जांश भागाहूनही विरळ असते, आणि हीलियम द्रवरूप करणारे देशी यंत्रही याच केंद्रात विकसित झाले. म्हणजे अतिनिर्वात आणि अतिशीत या दोन्ही विद्यांत पारंगत माणसे येथे आहेत. रॉकेट चाचणी केंद्र इंदूरला हवे अशी माझी मागणी नाही. टनावारी हायड्रोजन जाळणारी जागा वस्तीपासून लांबच असावी आणि महेंद्रगिरी त्यासाठीच योग्य आहे. इंदूरने द्यायची आहे ती चालवण्याची पद्धत, आणि जमल्यास माणसे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो अमेरिकेच्याच अनुभवावर उभा आहे. मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रात नासाने ए-३ नावाचा अतिउंची चाचणी मनोरा जे-२एक्स इंजिनासाठी बांधायला घेतला. २०१० मध्ये ते इंजिन ज्यासाठी होते तो चांद्रकार्यक्रमच रद्द झाला, तरी बांधकाम थांबले नाही, ३४.९ कोटी डॉलर खर्चून २०१४ मध्ये मनोरा पुरा झाला आणि लगेच कुलूपबंद झाला. सरकारी पैशाच्या उधळपट्टीचा दाखला म्हणून तो वर्षानुवर्षे सांगितला गेला, आणि ते योग्यच होते. पण त्यातून निघणारा धडा नीट वाचायला हवा. ए-३ एका इंजिनासाठी, एका कार्यक्रमासाठी बांधला होता. तो कार्यक्रम गेला तशी त्याची गरज गेली. २०२२ मध्ये रॉकेट लॅब या कंपनीने आपल्या आर्किमिडीज इंजिनाच्या चाचण्यांसाठी तो परिसर घेतला, तेव्हा कुठे त्याला काम मिळाले. म्हणून पहिल्या दिवसापासून अनेक आकारांची इंजिने व टप्पे बसतील असा कक्ष आणि अनेक वापरकर्ते, हाच त्या उधळपट्टीवरचा उपाय ठरतो.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो खुद्द इस्रोच्या कामातून येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने सीई-२० ची चाचणी नॉझलभोवती एक संरक्षक व्यवस्था लावून समुद्रसपाटीच्या दाबातच यशस्वी केली. निर्वात कक्षाचा खर्च आणि गुंतागुंत टाळून प्रत्येक इंजिन स्वस्तात तपासता यावे, हा हेतू. मग कक्ष हवा कशाला? उत्तर इस्रोनेच सव्वादोन महिन्यांत दिले. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच इंजिनाचे प्रज्वलन पुन्हा निर्वात कक्षात नेऊन तपासले, कारण प्रश्न पुन्हा पेटण्याचा होता. नित्याची तपासणी जमिनीवर स्वस्त झाली तर कक्षातले मोकळे झालेले दिवस अवघड प्रश्नांना, आणि बाहेरच्या वापरकर्त्यांना, देता येतात. तिसरा आक्षेप उडवून शिकणाऱ्यांचा: यान उडवा, फुटले तर सुधारा. ही पद्धत ज्यांना परवडते त्यांची संख्या पाहा. २०२४ मध्ये स्पेसएक्सने फाल्कन रॉकेटांची १३० हून अधिक उड्डाणे केली, इस्रोची झाली पाच. वर्षाला पाच उड्डाणे असलेल्या देशात प्रत्येक फुटलेले यान म्हणजे बहुधा एक असा उपग्रह, ज्याची जागा घ्यायला दुसरा तयार नसतो. आणि संगणकावरच्या प्रतिकृतींबद्दल बोलायचे तर, निर्वातात उकळणाऱ्या द्रवाची प्रतिकृती खरी आहे की नाही हे ठरवायला मोजमाप लागतेच, आणि ते मोजमाप कक्षातूनच येते.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र मी हलका मानत नाही. रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांचे तंत्र जवळचे आहे, आणि परकी नजरा असतात. खासगी कंपनीची चाचणी तिच्याकडेच राहावी, संरक्षण खात्याची बंद दाराआड व्हावी, यात वाद नाही. पण जनतेच्या पैशाने उडालेल्या नागरी यानाचे अपयश ही वेगळी बाब आहे. डी३ च्या पंपाचा वेग, ते २.२ सेकंद, एफ१० च्या व्हॉल्व्हचे सील, हे सारे मी येथे लिहू शकतो, कारण त्या दोन्ही वेळी इस्रोने समितीचे निष्कर्ष जाहीर केले. पीएसएलव्ही-सी६१ बाबत सविस्तर अहवाल लोकांपुढे आला नाही आणि सी६२ उडाले. दोन्ही वेळा तोच टप्पा बिघडला. अहवाल जाहीर असता तर दुसरे अपयश टळले असते असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण बाहेरच्या तज्ज्ञांना, विद्यापीठांना, त्या यानावर उपग्रह पाठवणाऱ्यांना प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नाही, एवढे निश्चित. सामाईक केंद्राचा हाही उपयोग असतो: निरनिराळ्या घरांतून आलेले लोक एकाच कक्षाभोवती काम करतात, आणि शंका विचारणे ही तेथील रोजची रीत होते.

पैसा नाही असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या पिढीच्या रॉकेटसाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर झाले, जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या प्रक्षेपण तळासाठी ३,९८४.८६ कोटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महेंद्रगिरीच्या सेमी-क्रायोजेनिक चाचणी सुविधेसह उद्घाटन झालेल्या तीन प्रकल्पांची मिळून किंमत सुमारे १,८०० कोटी होती. नव्या रॉकेटचा वरचा टप्पा क्रायोजेनिकच असेल आणि त्याला अवकाशात पुन्हा पेटावे लागेल. त्या टप्प्यासाठी लागणारा कक्ष या खर्चातच धरावा, आणि त्याच्या मंजुरीच्या कागदांत तीन गोष्टी लिहाव्यात. कक्षाच्या वार्षिक दिवसांपैकी ठरावीक वाटा इस्रोबाहेरच्यांसाठी राखीव असावा. त्याचे वाटप इंडस-२ प्रमाणे प्रस्ताव मागवून आणि तज्ज्ञांकडून छाननी करून व्हावे. आणि सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक चाचणीचा, फसलेलीचासुद्धा, सारांश ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे.